लांडग्याचा वाटा

माणूस लांडगा कधी होतो याबद्दल दोन मतं आहेत. परमुलखातले म्हणतात पौर्णिमेला, आपल्याकडचे म्हणतात अवसेला. पांगरखेलचा कोंडीबा सरगर मात्र दिवाळीच्या पाडव्याला लांडगा झाला. भर दुपारी, चारचौघांच्या देखत, आणि तेही उपाशीपोटी. त्याला स्वतःला ही गोष्ट कळली दुसऱ्या दिवशी सकाळी.

सकाळी तो नेहमीसारखा तोंडात राखुंडी धरून मेंढरांच्या वाघरीकडं, म्हणजे जाळ्याच्या कुंपणाकडं, निघाला होता. अजून बरंच अंतर होतं तोच खांबावरचा बोंबल्या बोंबलला, "सावधान. लांडगा. पूर्वेकडून." कोंडीबानं काठी सावरली आणि गर्रकन मागं वळून पूर्वेकडं पाहिलं. पूर्वेला सूर्य होता, बाकी कोणी नव्हतं. तो पुन्हा फिरला आणि एक पाऊल पुढं आला. "लांडगा. जवळ येत आहे." मेंढरांच्या गळ्यातले पट्टे गुणगुणले, सगळा कळप एका अंगाला गोळा झाला, आणि वाघर मेखांसकट उपटून टेकाडाकडं पळत सुटला. कोंडीबा त्यांना आवरायला धावला. तो जितका धावला तितकी ती जास्त पळाली, कारण त्यांच्या गळ्यातल्या पट्ट्याच्या मते लांडगा मागं लागला होता.

कुत्रं तेवढं शेपूट हलवत त्याच्यापाशी आलं. कोंडीबा माणूस असल्याचा त्या दिवसातला तो एकुलता एक पुरावा, आणि कुत्र्याची साक्ष कुठल्या कोर्टात चालत नाही.

"आता ही कुठली नवी पिडा?" कोंडीबा राखुंडी थुंकून म्हणाला. पुढचे दोन आठवडे तो हेच वाक्य म्हणणार होता, फक्त दर वेळी आवाज थोडा चढवून.

बोंबल्या हे त्या यंत्राचं पांगरखेलातलं नाव. कागदावर ते ‘वृकसूचक’ होतं. त्याचं असं झालं की माळाच्या निम्म्या जागेत सूर्याच्या विजेचे पत्रे आले. पत्र्यांच्या सावलीत गवत वाढलं, गवतात ससे वाढले, आणि सशांच्या मागोमाग, आजोबांच्या काळात परागंदा झालेले लांडगे नातवांच्या काळात परत आले. लांडगा मारायचा नाही आणि मेंढरूही मरू द्यायचं नाही, असा दोन्ही डगरींवर हात ठेवणारा कायदा निघाला, आणि त्या कायद्यातून हे यंत्र निघालं. खांबावर एक डोळा, एक नाक आणि एक भोंगा. डोळा चालीवरून ओळखी, नाक अंगाच्या वासावरून. मेंढरांच्या गळ्यात खांबाचा इशारा पोचवणारे पट्टे. कळपाच्या कारभाऱ्याच्या मनगटावर एक पट्टा, पट्ट्यावर लाल बटण.

पूर्वीची यंत्रं लाख चित्रं दाखवल्याशिवाय काही शिकत नसत. हे एका भेटीत शिके. लहान पोर एकदा चुलीला हात लावून शहाणं होतं, तसं. लांडगा आला की कारभाऱ्यानं बटण दाबायचं. त्या वेळी समोर जे काही चालत असेल त्याची चाल, त्याची ऊब, त्याचा वास हे यंत्र एका गाठोड्यात बांधी, आणि सकाळ व्हायच्या आत माळावरच्या सगळ्या खांबांना कळवी. एकानं पाहिलं की सगळ्यांनी पाहिलं. पाणवठ्यावर बातमी पसरते तसंच, फक्त तिखटमीठ न लावता. बटणाबरोबर यंत्र आणखीही काही तपासून घेई, पण ते पांगरखेलात कुणाला ठाऊक नव्हतं.

आणि सरगरांना लांडग्याबद्दल जे ठाऊक होतं ते यंत्र करणाऱ्यांना नव्हतं. सरगरांच्या भावकीत लांडगा परका मानत नाहीत. मूळपुरुषाला म्हणे दोन लेक. बाप गेल्यावर थोरल्यानं सगळी मेंढरं ठेवून घेतली आणि धाकल्याच्या अंगावर नुसती काळी घोंगडी टाकली. धाकला घोंगडी पांघरून माळावर निघून गेला. रडून रडून त्याचा आवाज लांबला, घोंगडीची लोकर अंगाला चिकटली, आणि वाटा मागायला तो परत आला तो चार पायांवर. म्हणून पाडव्याला, मेंढरांच्या दिवाळीला, बिरोबासमोर ‘लांडग्याचा मान’ होतो. घरातला धाकटा भाऊ घोंगडी पांघरून रांगत वाघरीकडं येतो. थोरला शिंग फुंकतो, बायका परातीवर पळ्या बडवतात, कुत्री सोडतात, ढेकळं फेकतात. खऱ्या लांडग्याला जे जे करायचं ते सगळं करायचं. देवापुढं हात आखडायचा नाही. मग उत्तरार्ध. थोरला काठी खाली ठेवतो, घोंगडी उचलतो, भावाला नावानं हाक मारतो, "ये, तुझा वाटा घे" म्हणतो आणि एक जितं कोकरू त्याच्या हातात देतो. तिथून पुढं तो धाकटा कळपाचा वाटेकरी.

कोंडीबाचा थोरला भाऊ सायबू हा रीतीला फार जपणारा माणूस, निदान अर्ध्या रीतीला. बाप, म्हणजे आबा, वारल्यापासून पूर्वार्ध तो जिवाभावानं करी, आणि उत्तरार्धाची वेळ आली की त्याला नेमकं काहीतरी आठवे. एका साली दिवा विझायला आला, एका साली पाहुणे जेवायला खोळंबले, आणि यंदा मनगटावरच्या पट्ट्याचं चार्जिंग उतरत होतं. "कोकराचं पुढल्या साली बघू," असं म्हणून तो दर साली ताटावर बसे. त्यामुळं पन्नाशी गाठली तरी कोंडीबा कळपाचा वाटेकरी नव्हता, राबता भाऊ होता. तो कधी बोलला नाही. आण्णा काय परका आहे, असं तो बायकोला, ठकूबाईला, म्हणे. परका असता तर बरं झालं असतं, असं ठकूबाई म्हणे. परक्याकडं निदान पगार मागता येतो.

तर यंदाच्या पाडव्याला सायबूनं शिंग फुंकलं, कुत्री सोडली, ढेकळं फेकली, आणि खऱ्या लांडग्याला जे जे करायचं ते सगळं करायचं म्हणून, मनगटावरचं लाल बटणही दाबलं. न दाबावं तर बिरोबाला फसवल्यासारखं झालं असतं. समोर घोंगडी पांघरून कोंडीबा रांगत येत होता. यंत्रानं त्याला डोळाभर पाहिला, नाकभर हुंगला आणि गाठोड्यात बांधला.

दुसऱ्याच दिवसापासून साऱ्या माळाला कोंडीबाची ओळख पटली. तालुक्याच्या बाजाराच्या फाटकावर खांब होता, तो ओरडला, आणि कोंबड्या विकणारी एक बाई पाटी टाकून पळाली. दवाखान्यासमोरचा खांब ओरडला. मेव्हण्याच्या वाडीवर तर दोन खांब होते. ते एकमेकांशी स्पर्धा लावून ओरडले, आणि मेव्हण्यानं पाहुण्याला दारातूनच पाणी देऊन वाटेला लावलं. माणसं त्याला लांडगा समजत होती असं नाही. सगळ्यांना दिसत होतं की हा कोंडीबा आहे. पण भोंगा वाजला की मेंढरं उधळत, मेंढरं उधळली की माणसं चिडत, आणि चिडलेल्या माणसाला आज्यापणज्याच्या गोष्टी फार चटकन आठवतात. ‘सरगरांचा धाकला ना? त्यांच्यात होतंच तसं,’ असं लोक बोलू लागले.

त्यावर कळस म्हणजे मंडळानं त्याला संरक्षण दिलं. वृकसंवर्धन मंडळ नावाचं एक खातं शहरात होतं, तिथल्या नकाशावर पांगरखेलला एका नव्या लांडग्याची भर पडली होती. आता कोंडीबाला कुणी मारू शकत नव्हतं ही चांगली गोष्ट. पण त्याला कुणी खाऊही घालू शकत नव्हतं. खांबाचं नाक जिथवर पोचत नसे तिथं हद्दीचा एक दगड होता, त्याच्याजवळच्या बाभळीखाली कोंडीबानं बिऱ्हाड मांडलं होतं. ठकूबाई भाकरी घेऊन गेली की डोक्यावर मंडळाचं ड्रोन येऊन घुमे आणि गोड आवाजात सांगे, "वन्यप्राण्यास अन्न देणं दंडनीय आहे."

पहिले दोन दिवस ठकूबाईनं ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी तिनं पदर खोचला आणि आभाळाकडं बघून म्हणाली, "मग तू घाल की ह्यास्नी जेवाय. भाकर बाजरीचीच लागती, कडक नगं. कालवणात वांगं नगं. आन ताक थंड दिलंस तर रातभर खोकत्यात. एवढं सांभाळ, मी माहेरी जाती." ड्रोन काही क्षण तसंच घुमत राहिलं आणि निघून गेलं. त्यानंतर ते आलं नाही.

हसण्यासारखं होतं खरं, पण कोंडीबाला हसू येत नव्हतं. तुळशीचं लग्न लागलं की कळप घाट उतरून कोकणाकडं निघतो, आणि सगळ्या वाटेवर आता खांब होते. तोवर हे निस्तरलं नाही तर कळप त्याच्याविना जाणार होता. पोटात असल्यापासून तो मेंढरांच्या मागं चाललेला. आईला कळा आल्या त्या सुद्धा घाटात. त्याच्या जागी लावायला सायबूनं गडी बघायला घेतलाय, असं ठकूबाईच्या कानावर आलं होतं. तिनं ते नवऱ्याला सांगितलं, आणि तो त्या दिवशी जेवला नाही.

अशात तिथं डॉक्टर हुपरीकर येऊन थडकले. हे औषधाचे डॉक्टर नव्हते, लोककथांचे होते. माणसाचा प्राणी होतो या समजुतीवर त्यांनी हयात घालवली होती, आणि जिता नमुना मिळाल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. बाभळीखाली बैठक मारून त्यांनी कोंडीबाला समजावलं की लांडगामाणूस जगभर आढळतो, आणि तो का आढळतो याची पाच-सात उत्तरं आहेत.

मग ती उत्तरं ते एकेक करून कोंडीबावर लावून बघू लागले. सगळ्या अंगावर दाट केस येण्याचा एक विरळा विकार असतो, म्हणून त्यांनी त्याला सदरा काढायला लावला आणि भिंग धरून पाठ तपासली. पाठीवर केसांपेक्षा खरजेचे व्रण जास्त निघाले. ऊन सोसत नाही, कातडी भाजते, हिरड्या मागं सरून दात लांब दिसतात असा एक आजार असतो. कोंडीबा जन्मभर उन्हात, आणि दात म्हणाल तर मोजकेच. पिसाळलेलं जनावर चावलं तर माणूस पाण्याला भितो, लाळ गाळतो, अंगावर धावून जातो. त्यासाठी त्यांनी पाण्याचा तांब्या हळूच कोंडीबासमोर सरकवला आणि स्वतः चार हात मागं सरकले. कोंडीबानं तांब्या घटाघटा रिकामा केला आणि आणखी मागितला. बाजरीच्या कणसावर एक बुरशी धरते, तिचे काळे दाणे पिठात गेले तर माणसाला भोवळ येते, ओकाऱ्या होतात. थंड मुलखात तिचीच एक बहीण दुसऱ्या धान्यावर धरते, ती खाऊन माणसांना भलभलते भास होत. हे ऐकून ठकूबाईनं त्यांच्या पुढ्यात पिठाचा डबाच आदळला. आपल्यात बाजरी आधी मिठाच्या पाण्यात टाकतात, वर तरंगेल तो दाणा फेकतात, तुमच्याकडं तशीच खातात का, असं तिनं विचारलं.

"आणि काही जणांना मनाचा असा विकार होतो," हुपरीकर डबा बाजूला सारत म्हणाले, "की आपण लांडगा आहोत असं त्यांना स्वतःलाच वाटू लागतं. तुम्हाला तसं कधी वाटतं का?"

"मला सोडून समद्यास्नी वाटतंय," कोंडीबा म्हणाला. "इकार मला कसा?"

हुपरीकरांनी पेन खाली ठेवलं. माणूस काही अगदीच पोथीतला नव्हता. ते म्हणाले की एवढी उत्तरं गोळा करूनही त्यांचं समाधान झालेलं नाही. रोग कुठंही, कुणालाही होतो. पण गोष्टीतला लांडगा मात्र कोणीही होत नाही. देशोदेशीच्या कथा वाचल्या तर लक्षात येतं, की ज्याला आपल्याच लोकांनी कुंपणाबाहेर काढलेलं असतं, त्याच्याच अंगावर केस उगवतात. बाहेर कोण काढतं ते मात्र गोष्टीत कधी सांगत नाहीत.

ठकूबाईनं त्यांना आणखी एक भाकरी वाढली.

यंत्राच्या कंपनीची माणूस आली ती तुळशीच्या लग्नाला दोन दिवस उरले तेव्हा. शर्वाणी तिचं नाव; तिशीची पोरगी, येताना वाटेत गाडी दोनदा रुतलेली, त्यामुळं ती आधीच तापलेली. तिनं पाडव्याचं चित्रण लावलं, शिंग फुंकणारा सायबू पाहिला, रांगत येणारा कोंडीबा पाहिला, आणि कपाळाला हात लावून मातीतच बसली.

लांडगा आल्यावर दाबायचं म्हणून सांगितलं होतं ना, असं तिनं सायबूला विचारलं. सायबू शांतपणे म्हणाला, लांडगाच आला होता, आमच्यात असाच येतो.

यातला कोंडीबा काढून टाका की, असं ठकूबाईचं म्हणणं. ते जमत नव्हतं. गाठोडं साऱ्या खांबांच्या शिकण्यात मिसळून गेलं होतं. "पिठात मीठ पडलं की मीठ वेचता येत नाही, काकी," शर्वाणी म्हणाली. "वर आणखी पीठ घालावं लागतं. म्हणजे यंत्राला उलटं दाखवावं लागेल. तोच माणूस, तीच घोंगडी, तसाच रांगत येतोय, पण शेवटी काही वाईट होत नाही. तुमच्या रीतीत असं काही आहे का?"

सगळ्यांनी सायबूकडं पाहिलं. सायबूनं आभाळाकडं पाहिलं.

"उत्तरार्ध हाय की," ठकूबाई म्हणाली. "आमी त्यो बगून लई सालं झाली."

याहून सोपाही एक उपाय आहे, शर्वाणी पुढं म्हणाली. पट्टा कोंडीबाकाकांच्या हातात बांधायचा. यंत्र आपल्या कारभाऱ्यावर कधी ओरडत नाही. एका मिनिटात काम होईल. पण सायबूनं पट्ट्याचं मनगट दुसऱ्या हातानं झाकून घेतलं. मी थोरला आहे, असं तो म्हणाला. आणि मग उत्तरार्धच करू, असंही.

करा, पण घाबरू नका, एवढं बजावून शर्वाणीनं यंत्राची आजवर न सांगितलेली गोष्ट सांगितली. नुसत्या बटणावर यंत्र विश्वास ठेवत नाही, नाहीतर पोरं चाळा म्हणून दाबत सुटतील. मेंढरं बिथरली का ते बघतं, आणि पट्ट्यातून कारभाऱ्याची नाडी बघतं. पाडव्याला बटण, मेंढरं, नाडी, तिन्ही जुळलं होतं.

"कुत्री सोडल्यावर मेंढरं बिथरणारच," ती म्हणाली. "पण काका, भाऊ घोंगडी पांघरून रांगत येतोय हे तुम्हाला ठाऊक होतं. तुमची नाडी कशानं एवढी उडत होती?"

सायबू म्हणाला, शिंग फुंकून दम लागला असेल. दम लागलेली नाडी वेगळी असते आणि भ्यालेली वेगळी, असं शर्वाणी म्हणणार होती, पण त्याचं तोंड बघून तिनं चित्रण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरार्ध झाला. कोंडीबानं घोंगडी पांघरली आणि हद्दीच्या दगडापासून रांगायला सुरुवात केली. गुडघे पाडव्यालाच सोलले होते, आणि वाटेत गोखरूचे काटे. डोक्यावर भोंगा एकसारखा ओरडतोय, सावधान, लांडगा, पूर्वेकडून. कोंडीबा मनात म्हणाला, अरे हो बाबा, येतोय, कळलंय सगळ्यांना. सायबूनं काठी खाली ठेवली. घोंगडी उचलली. "कोंडीबा, ये, तुझा वाटा घे," असं ओठातल्या ओठात म्हणाला, आणि कोकरू पुढं केलं.

कोकरू लंगडं होतं. मागचा एक पाय जन्माचाच वाकडा. कळपात सगळ्यांत मागं राहणारं.

"लांडगा अगदी जवळ," भोंगा म्हणाला. "कारभारी घाबरलेले आहेत."

पुन्हा एकदा करू, असं सायबू म्हणाला. पोटभर जेवला, बिरोबाला नारळ फोडला, डोळे मिटून घटकाभर बसला. कोंडीबा परत दगडापासून रांगत आला. तेच कोकरू पुढं आलं.

"कारभारी फार घाबरलेले आहेत," भोंगा म्हणाला. आणि एकानं पाहिलं की सगळ्यांनी पाहिलं, या न्यायानं पलीकडच्या टेकाडावरून, शेजारच्या लवट्यांच्या कळपाच्या खांबानं साद दिली, "पांगरखेलचे कारभारी फार घाबरलेले आहेत." त्याच्याही पलीकडून, वाऱ्यावर, आणखी एकानं.

कोंडीबा चार पायांवरच थांबला. मान वर करून त्यानं भावाकडं पाहिलं.

"आण्णा, मी तुला चावणार हाय का?"

"न्हाई."

"मग कशापायी भितोस?"

सायबूनं कोकरू खाली ठेवलं आणि पट्ट्याचं मनगट पुन्हा झाकून घेतलं. कोंडीबा गुडघे झाडत उभा राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याचा आवाज भोंग्याच्या वर चढला.

"ऱ्हाऊ दे. मी लांडगाच बरा. लांडग्याला निदान कुणी ‘पुढल्या साली ये’ म्हणत न्हाई."

आणि तो दोन पायांवर, घोंगडी खांद्यावर टाकून, दगडाकडं निघून गेला. कोकरू मधेच राहिलं. मी दिलंय, असं सायबू म्हणे. यांनी घेतलेलं नाही, असं ठकूबाई म्हणे. दोघांच्या भांडणात त्या बिचाऱ्याला कुणी वाघरीत घेतलं नाही. ते लंगडत लंगडत दगड आणि वाघर यांच्या मधल्या गवतात चरत राहिलं.

तुळशीच्या लग्नाचा दिवस. घोड्यांवर बिऱ्हाड लादायला सुरुवात झाली होती. दिवस कलायला लागला तेव्हा कोंडीबाला दगडावर बसल्या जागेवरून सायबू येताना दिसला. एकटाच, काठीही नाही. येऊन तो दगडाच्या दुसऱ्या टोकावर बसला. दोघं भाऊ लादल्या जाणाऱ्या बिऱ्हाडाकडं बघू लागले.

"गडी मिळाला का?" कोंडीबानं विचारलं.

"मिळालावता. लवट्याच्या खांबाचं ऐकून गेला. म्हनला, भित्र्या कारभाऱ्याच्या हाताखाली ऱ्हात न्हाई."

कोंडीबाला हसू आलं, पण ते त्यानं मिशीत दाबलं.

"आबा गेल्यापासनं हाय ही नाडी," सायबू म्हणाला. "जाताना म्हनले, धाकल्याला आदी दे. तू घोंगडी घेऊन रांगत आलास की मला दर साली वाटायचं, ह्यो आता कोंडीबा न्हाई, त्यो खराच आला, समदंच न्यायला. भिऊन भिऊन कटाळा आला बग." त्यानं मनगटावरचा पट्टा सोडला. आतली कातडी पांढरी पडली होती. "घे. चावू नगंस म्हंजे झालं."

पट्टा त्यानं स्वतःच्या हातानं कोंडीबाच्या मनगटावर बांधला. मग दोघं उठून वाघरीकडं चालू लागले. खांब जवळ आला. कोंडीबाचं पाऊल आपोआप आखडलं. भोंग्यातून नुसती खरखर झाली, आणि मग एक बायकी गोड आवाज आला, "राम राम, कारभारी."

मेंढरं जागची हलली नाहीत. कोंडीबा त्यांच्या मधे जाऊन उभा राहिला. एक म्हातारी मेंढी येऊन त्याच्या गुडघ्याला अंग घासू लागली, नेमकी सोललेल्या जागी, आणि तो कळवळला, पण तिला दूर केलं नाही. ठकूबाईनं डोळ्याला पदर लावला, आणि धूर गेला म्हणून चुलीवर खापर फोडलं. चूल विझून तास झाला होता.

शर्वाणी मात्र खांबाशी वाकून काळजीनं काहीतरी बघत होती. आता यंत्राचा लांडगा थोडा पुसट झालाय, असं तिनं सांगून ठेवलं. कोंडीबाकाकांची चाल आणि वास आता कारभाऱ्याचे झाले, तशी खऱ्यांचीही खूण ढिली पडते. पुढचा खरा दिसला की लगेच बटण दाबायचं, म्हणजे ते पुन्हा पक्कं शिकेल.

बोलाफुलाला गाठ पडावी तसं, तेवढ्यात पत्र्यांच्या सावलीतून तो बाहेर आला. खरा. राखाडी, बारीक पायांचा, मान खाली घालून, कुणाच्या अंगणातून वाट असावी तसा सरळ चालत. खांब गप्प.

"बटण, काका," शर्वाणी म्हणाली. "बटण दाबा."

कोंडीबानं दाबलं. मेंढरं एकमेकांना चिकटली. कुत्रं भुंकलं. खांबानं क्षणभर विचार केला.

"कारभारी घाबरलेले नाहीत," भोंगा म्हणाला. "सूचना रद्द."

पुन्हा दाबा, घाबरा थोडं, असं शर्वाणी रडकुंडीला येऊन सांगू लागली. कोंडीबानं मनापासून प्रयत्न केला. डोळे वटारले, श्वास कोंडला. पण दोन आठवडे दगडावर बसून, ड्रोनची बोलणी खाऊन, अख्ख्या माळाची बोंब ऐकून झाल्यावर आता कशाला भ्यायचं ते त्याला आठवेना. समोरचा प्राणी त्याला तसा ओळखीचाच वाटत होता. "कारभारी निश्चिंत आहेत," भोंगा म्हणाला, आणि पलीकडच्या टेकाडावरून लवट्यांच्या खांबानं तेच आळवलं.

लांडगा वाघरीकडं आलाच नाही. गवतात एकटं चरणारं ते लंगडं कोकरू त्यानं मानेशी अलगद धरलं, एकदा कळपाकडं वळून पाहिलं, आणि आला तसा पत्र्यांच्या सावलीत निघून गेला.

सायबूच्या तोंडचं पाणी पळालं. "कोंडीबा, आरं माझं कोकरू नेलं की त्यानं!"

"तुझं कुठलं, आण्णा?" कोंडीबा घोंगडी झटकत म्हणाला. "त्ये तू लांडग्याला दिलंवतंस. पोचलं."